थांब्यावरचं घड्याळ

९ जून

वन्सं,

देवासमोर दिवा लावला आणि लिहायला बसले. मोठ्या बाईंचं कार्ड आलं. "दोन्ही पाखरं पोचली" एवढंच लिहिलंय. तेवढ्यावर तुमच्या दादांनी दोन घास जास्त खाल्ले.

आपलं ठरलंय तसंच ठेवू. तुमचं पत्र आधी मोठ्या बाईंकडे, त्यांनी नव्या पाकिटात घालून माझ्याकडे. माझंही तसंच. मला शाळेत शिकवलंय त्यांनी, आता कान गेलेत पण जबान कुलपात असते. तुम्ही कुठल्या गावी आहात ते मला मुळीच कळवू नका. मला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की कान लाल होतात. माहीतच नसलं की "माहीत नाही" हे खरंच असतं.

रविवारी दाजी आले होते. बायको-पोर निघून गेलेल्या माणसाने आरडाओरडा करावा, तर तो नाही. चपला जोडून ठेवल्या. आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग मनगटाकडे, आणि न विचारता स्टुलावर चढून काटा सरकवला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, चुकीची वेळ त्यांना बघवत नाही. बायकोचं मनगट मोडलेलं तेवढं बघवतं. तुमचं प्लास्टर निघालं का?

मला विचारलं, "कुठे आहेत?" मी म्हटलं, "माहीत नाही." माझ्या कानांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "खरं बोलताय. मीच शोधेन. पोर माझी आहे. शाळेच्या वाटेवर कधीतरी एकटी असेलच." चहाची बशी पालथी घालून ठेवल्यासारखं शांतपणे बोलले. दादा चौकीवर जाऊन आले. तिथे म्हणाले, अजून काही घडलं तर नाही ना.

आणखी एक. घाईत भिंगरीचा टॅब इथेच चार्जिंगला राहिला होता. दाजींनी घेऊन दिलेला. दुसऱ्याची वस्तू घरात ठेवणं मला जमत नाही, उद्या म्हणायला नको. ओल्या फडक्याने पुसला, वायर गुंडाळली आणि त्यांच्या हातात दिला. आपल्याकडून हिशेब चुकता.

तुमच्या घराची मागची खिडकी आता बंदच असते. परवा दूध तापवताना सवयीने तिकडे पाहिलं. तुमच्याकडे आवाज चढला की मी अंगणात ओरडायचे, "दूध उतू गेलं," आणि भिंगरी मागच्या दाराने धावत यायची, "मामी, ओटा मी पुसते" म्हणत. दादा म्हणायचे, नुसतं ओरड, दूध कशाला घालवतेस. पण नुसतं ओरडणं म्हणजे खोटं की हो. पेलाभर दूध जायचं, पण पोर या दारात यायची.

जपून राहा. मनगटावर जड उचलू नका.

वहिनी


२८ जून

वहिनी,

तुझं पत्र नेहमीसारखं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आहे हे बघून बरं वाटलं. म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

टॅब दिलास ते बरं केलंस. त्याच्या निमित्ताने उंबरे झिजवायला नकोत.

मला एका इस्पितळाच्या कपडेखोलीत काम मिळालं. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. दिवसभर घड्या घालते. मनगट सायंकाळी ठणकतं, पण ठणकणारं मनगट माझं आहे. दोन खोल्या आहेत, खाली सायकलचं दुकान. पंप मारण्याचा आवाज झाला की सकाळ झाली.

भिंगरीच्या शाळेचं मला टेन्शन होतं. कारकुनाने दाखला हातात घेऊन मान हलवली. "वर्ष बुडेल हो. वह्या नाहीत, प्रयोग नाहीत, काय केलंय याचा पुरावा नाही." तेव्हा संगणकाच्या मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, जुन्या शाळेत खातं होतं का? दोन्ही शाळा एकाच मंडळाच्या, त्यामुळे तेच खातं इथे चालतं म्हणे. भिंगरीने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि वहिनी, तीन वर्षं उघडली. निबंध, गणितं, तिने संगणकावर बनवलेले ते छोटे प्रोग्राम, चित्रं. कारकुनाने दाखला पुन्हा पुढे ओढला. मला मात्र तिथल्या बाकावर बसून घ्यावं लागलं. आम्ही एका पिशवीनिशी निघालो होतो ना.

मॅडमनी तिच्यासाठी एक वाट काढली आहे. मुलींची निवासी तंत्रशाळा आहे. वसतिगृह, उंच भिंत, आईच्या सहीशिवाय कोणाला भेट नाही. स्वतः केलेलं एक काम पाठवायचं, ते त्याच खात्यातून, म्हणजे कधी काय केलं ते त्यांना दिसतं. शेवटची तारीख ऑक्टोबरच्या अखेरीला. तेवढं झालं की वाटेवर एकटी असण्याचा प्रश्नच मिटला. तोवर मी श्वास धरून आहे.

खाली भिंगरीने लिहिलंय. मी वाचलेलं नाही, वाचलं तर चिडते.

ताई

मामी, मी मजेत. तू म्हणशील वह्या तिकडे राहिल्या मग अभ्यास कसला. वह्या क्लाउडवर आहेत. म्हणजे आपल्या संगणकात नाहीच, दुसरीकडे मोठ्या संगणकांवर ठेवलेल्या. कुठूनही नाव सांगून उघडायच्या. इथल्या लॅबमधली यंत्रं तुझ्या मिक्सरपेक्षा म्हातारी आहेत, एकाची तर तीन बटणं पडलीत. पण काही बिघडत नाही, काम वरती होतं, आपण खिडकीतून बघतो फक्त.

मी एक प्रकल्प करते आहे. बस किती उशिरा येते. प्रत्येक थांब्यावर कोणीतरी वेळ लिहितं, ती एका पानावर जमा होते, आणि माझा प्रोग्राम उद्याचा अंदाज सांगतो. वर्गातली मुलं लिहितात, थांब्यावरचा वॉचमन लिहितो, फळवाली मावशी पण. त्यांना खातं लागत नाही, नुसतं पानाचं नाव टाकायचं. माझा थांबा शाळेजवळचा, मोठ्या घड्याळाखालचा. पानाचं नाव चिठ्ठीवर लिहिलंय. मामाच्या फोनवर उघड. मी काय करते ते तुला दिसेल.

तुझी भिंगरी


२० जुलै

वन्सं,

पत्र वाचून देवाला साखर ठेवली. मॅडमना माझा नमस्कार सांगा.

भिंगरीची चिठ्ठी जपून ठेवली आहे, पण पान उघडलेलं नाही. दादा चिडवतात, तू आणि क्लाउड. मला ते चव्हाट्यावर वाळवण घातल्यासारखं वाटतं. पोरीला वाईट वाटू देऊ नका.

दाजी आता दर रविवारी येतात. मी पाण्याचा चहा देते, वर नावाला दूध. तरी बसतात. मांडीवर टॅब असतो, रुमालाने काच पुसत राहतात. मला वाटलं, कसाही असला तरी बाप आहे, लेकीची वस्तू जवळ घेऊन बसतो.

पण ऐका. गेल्या रविवारी म्हणाले, "पोरीचं गणित सुधारलंय." मी म्हटलं, तुम्हाला काय कल्पना? तर नुसतं हसले. या रविवारी म्हणाले, "बसचा नाद लागलाय तिला." माझ्या हातात गाळणी होती, चहा कपाबाहेर सांडला. मी म्हटलं, कोणी सांगितलं? म्हणाले, "मन सांगतं, वहिनी."

मनाला बस कशी कळेल? बसची गोष्ट तुम्ही मला लिहिलीत, ती एकाच हातातून माझ्याकडे आली. लिहवत नाही, पण लिहिते. मोठ्या बाईंचं मागचं पाकीट नीट चिकटवलेलंही नव्हतं, कोपरा उघडा होता. वयाने माणूस भोळा होतो, दाजींची जीभ तर मधाची. बाईंकडून निघत असेल असं मला वाटतं. म्हणून काही दिवस मी लिहिणार नाही. रागावू नका. रोज संध्याकाळी तुमच्या नावाने दिवा आहेच.

वहिनी


४ ऑगस्ट

वहिनी,

बाईंवर संशय घेऊ नकोस. त्यांचा हात थरथरतो, पाकिटाला डिंक कुठे लागतो ते त्यांना दिसत नाही. भिंगरीला यंत्रांचा, गाड्यांचा नाद लहानपणापासून आहे, बाप म्हटल्यावर त्याला ते माहीत असणारच. तो अंदाज मारतो आणि समोरच्याचा चेहरा वाचतो. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, हा खेळ मी रोज खेळले आहे. तू चहा सांडलास आणि त्याला उत्तर मिळालं.

चेहरा कोरा ठेव. आणि लिही.

ताई


३० ऑगस्ट

वहिनी,

महिना होत आला, तुझी ओळ नाही. दादाची तब्येत बरी आहे ना? मी रागावलेली नाही.

इथे सगळं सुरळीत आहे. प्रकल्प जोरात आहे, मॅडम वर्गात तिचं पान भिंतीवर मोठं करून दाखवतात. भिंगरी इतर मुलींना शिकवते. ज्या मुलीच्या घरी मोबाइलसुद्धा नाही ती शाळेच्या वाचनालयात बसून तक्ते बनवते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उघडून दाखवते. मला हे सगळं बघताना एखाद्या दुसऱ्याच बाईची मुलगी वाटते ती.

एक गंमत घडली. तिच्या जुन्या गणितांच्या फायलीत सरासरीचं एक उत्तर चुकलेलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. परवा उघडलं तर बरोबर. खाली रीतसुद्धा मांडून दाखवलेली, पायरी पायरीने. भिंगरीला वाटलं मॅडमनी केलं. मॅडमनी नोंद काढून पाहिली तर म्हणाल्या, "अगं, तूच केलंयस. तुझंच नाव आहे." भिंगरी म्हणते, मी झोपेत गणितं करायला लागले. आम्ही दोघी खूप हसलो.

मग मला झोप लागली नाही, का कोणास ठाऊक. त्याला अशीच सवय होती, पायरी पायरीने दाखवायची, प्रत्येक पायरीला एक टपली. पण ती सवय भिंगरीतही उतरली असेल. टपलीशिवाय.

लिही गं.

ताई


१४ सप्टेंबर

वन्सं,

क्षमा करा. मी आपली बाईंना वाचवायला गेले आणि तुम्हालाच घोर लावला. तब्येती ठीक आहेत.

झोपेत गणितं हे ऐकून मला बरं वाटलं नाही. पोरीच्या मनावर ताण आहे. निजताना देवाचं नाव घ्यायला सांगा, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. एवढा अभ्यास नको.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली चांगली. मागच्या रविवारी दाजी आले नाहीत. दुकानाला आणि घराला कुलूप. पाच-सहा दिवस माणूस नव्हता. मी देवाचे आभार मानले. मला वाटलं नोकरीधंद्यासाठी कुठे गेले असतील, जावोत. माझं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं, पडू दे म्हटलं.

दुसरी. काल ते परत आले. चेहरा उन्हाने रापलेला, चपलांना लाल माती. घड्याळ लावलं, बसले आणि म्हणाले, "सहामाही परीक्षा संपली की पोर घरी येईल." मी म्हटलं, कोण आणणार? म्हणाले, "मी." तुम्ही सांगितल्यासारखा चेहरा कोरा ठेवला. पण वन्सं, कानांचं मी काय करू?

परीक्षा संपेल त्या दिवशी तिला एकटी सोडू नका. मला बाकी काही कळत नाही, एवढं ऐका.

वहिनी


६ ऑक्टोबर

वहिनी,

काळजी करू नकोस, सहामाही परीक्षा जगातल्या सगळ्या शाळांत असते. तोही अंदाजच. तरी मी त्या दिवशी अर्धी रजा मागते. मुकादम देईल असं वाटत नाही, पण मागते. परीक्षा १७ तारखेला संपते, आणि काम पाठवायचं ते त्यानंतरच्या आठवड्यात. इतक्या जवळ आलोय की मला बोलायचीही भीती वाटते.

भिंगरीला तुला काही सांगायचंय. मी कपडे वाळत घालते तोवर लिहू दे.

ताई

मामी, तू अजून पान उघडलं नाहीस, मला कळतं, कारण मी रोज बघते.

एक खरीखुरी रहस्यकथा सांगते. माझ्या थांब्याच्या सगळ्या वेळा एका रात्रीत बदलल्या. प्रत्येक वेळ तीन मिनिटांनी मागे. आणि बाजूला शेरा, "या थांब्यावरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे." मी मॅडमना दाखवलं, त्या आणि मी थांब्यावर गेलो, मॅडमच्या फोनवरची वेळ लावून बघितली, तर खरंच तीन मिनिटं पुढे. गावात कोणालाच माहीत नव्हतं. वॉचमन काका म्हणाले, मी बावीस वर्षं याच घड्याळावर ड्युटी बदलतोय. सगळे हसले. मॅडम म्हणतात, ज्याने हे पकडलं तो पक्का वैज्ञानिक. पण नोंदीत नाव माझंच येतं. मी म्हटलं, मी नाही केलं, तर म्हणाल्या लाजू नकोस.

आता माझा अंदाज एकदम बरोबर येतो. मी सकाळी थांब्यावर किती वाजता असते तेसुद्धा आधी सांगता येतं.

भिंगरी


१६ ऑक्टोबर

वन्सं,

तुमचं पत्र काल दुपारी हातात पडलं. शेवटपर्यंत वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या घड्याळाखाली स्टूल अजून तसंच ठेवलेलं होतं, त्याच्याकडे बघत उभी राहिले.

घड्याळ तीन मिनिटं पुढे आहे हे कोणाला कळेल? जो त्याच्याखाली उभा राहून आधी घड्याळाकडे आणि मग मनगटाकडे बघेल त्याला. ते पाच-सहा दिवस दाजी कुठे होते, ते मला आणखी कोणी सांगायला नको.

बाईंच्या पाकिटातून काही गेलं नाही. मी टॅब पुसून दिला तो बाहेरून. आत भिंगरीचं खातं तसंच उघडं होतं. तिने नव्या शाळेत जे जे लिहिलं ते ते त्यांच्या मांडीवर उमटत होतं, माझ्याच घरात, माझ्याच चहाबरोबर.

दादांनी लगेच बाईंकडे फोन लावला. वाजत राहिला. त्यांना ऐकू येत नाही, शेजारी कोणी उचलायला नाही. दादा मिळेल त्या गाडीने त्यांच्या गावी निघाले, की त्यांच्याकडून तुमचा पत्ता घ्यावा आणि तसंच पुढे तुमच्याकडे यावं. पण पोचेपर्यंत सतरा तारीख उलटेल, हे त्यांनाही माहीत होतं. फोन माझ्यापाशी ठेवून गेले. दाजींच्या घराला पुन्हा कुलूप होतं.

रात्र देवासमोर काढली. सकाळी भिंगरीची चिठ्ठी डब्यातून काढली. एकेक अक्षर बोटाने टाकलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पान उघडलं. काय सांगू, केवढं मोठं आहे ते. किती थांबे, किती माणसं, सगळ्यांनी आपापल्या परीने लिहिलेलं, आणि मधोमध आपल्या पोरीचा तो अंदाज. मी इतके दिवस याला चव्हाटा म्हणत होते.

वरच्या कोपऱ्यात पान बघणाऱ्यांची नावं येतात. तिथे भिंगरीचं नाव दोनदा होतं. शेजारी शेजारी, दोन गोल.

एक आपली. दुसरी कोण ते मला कळलं. म्हणजे मी जे लिहीन ते दोघांनाही दिसणार. "पळ" लिहिलं तर तेही वाचणार. मग उठले, पातेल्यात अर्धा लिटर दूध घेतलं, गॅस मोठा केला आणि बाजूला उभी राहिले. वर आलं, काठावर थांबलं, मग ओट्यावर, शेगडीत, खाली फरशीवर. हात लावला नाही. आणि मग तिच्या थांब्यासमोरच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, "दूध उतू गेलं."

फोन हातात धरून उभी. पायाखाली दूध. थोड्या वेळाने दोन गोलांपैकी एक हलला आणि माझ्या ओळीखाली अक्षरं आली, "ओटा मी पुसते."

वन्सं, मी खाली बसून रडले. पोरीला कळलं. दुसऱ्या कोणाला ते उत्तर माहीत असणार नाही. मग दोन्ही नावं गेली, आधी एक, थोड्या वेळाने दुसरं.

हे पत्र बाईंकडे टाकते आहे. तुमच्या हाती कधी पडेल, पडेल की नाही, देव जाणे.

वहिनी


२७ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र दादाबरोबर देते आहे. तो इथे पोचला तेव्हा आम्ही मॅडमच्या घरी होतो. तो आधी भिंगरीला बघून रडला, मग म्हणाला, तुझ्या वहिनीला सांगू नकोस.

सोळा तारखेला दुसऱ्या दिवशीच्या पेपरसाठी मॅडमनी मुलींना लॅबमध्ये बसवलं होतं. भिंगरीने तुझी ओळ पाहिली. दप्तर तिथेच ठेवलं, शाळेच्या मागच्या दाराने निघाली आणि धावत माझ्या कपडेखोलीत आली. म्हणाली, "आई, मामीचं दूध उतू गेलंय." मी हातातली चादर तशीच टाकली.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी खात्यात कुठली कुठली यंत्रं उघडी आहेत ती यादी काढली. एक लॅबमधलं. एक टॅब, जूनपासून एक दिवसही बंद नाही. मॅडमचा हात कपाळावर गेला. म्हणाल्या, मी मुलांना सगळं शिकवते, हे बघायला शिकवत नाही. आता दर सोमवारी पहिला तास त्याचाच आहे.

तो सतरा तारखेला आला होता. वॉचमनने सांगितलं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत घड्याळाखाली उभा, हातात मिठाईचा पुडा. चौकीवरून माणूस आला, त्याने विचारलं, तर म्हणाला, "बसची वाट बघतोय." थांब्यावर उभं राहणं गुन्हा नाही. मग निघून गेला.

भिंगरीचा शेवटचा पेपर बुडाला, मॅडमनी तो नंतर घरी घेतला. खात्याचा पासवर्ड बदलला, टॅबला बाहेर काढलं, अर्ज गेला. तंत्रशाळेने तिला तोंडी परीक्षेला बोलावलंय. निकाल लागेपर्यंत आम्ही इथे राहणार नाही. कुठे, ते बाईंनाही सांगत नाही, दादालाही नाही. तुला तर नाहीच. तुझ्या कानांची मला काळजी आहे.

एकच गोष्ट मनातून जात नाही. तू सोळा तारखेला टाकलेलं पत्र बाईंकडून परवा पोचलं, ते मी वाचलं. भिंगरीला विचारलं, उत्तर कधी लिहिलंस? तिने मान हलवली. ती म्हणते, तुझी ओळ दिसली आणि मी उठलेच. आई, मी काहीच लिहिलं नाही.

जप गं.

ताई


१० नोव्हेंबर

वन्सं,

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि तेच बरं आहे. डब्यात ठेवीन. भेटाल तेव्हा वाचा.

दादा सुखरूप आले. तुमचं पत्र मी देवासमोर वाचलं आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली नाही.

काल रविवार. दाजी आले. चपला जोडून ठेवल्या. टॅब टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उघडत नाही आता. तुम्हीच पुसून दिला होतात ना." मी म्हटलं, हो. खुर्चीवर बसले. माझ्या ओट्याकडे बघत म्हणाले, "दूध किती गेलं, वहिनी?"

मी म्हटलं, "अर्धा लिटर."

"वाया घालवता. सगळी वर्षं घालवलंत. मला वास यायचा ना करपल्याचा, पलीकडे बसून." रागाने नाही. एखाद्या घड्याळाचं झाकण उघडून आत बघतात तसं बघत होते. "कुठे आहेत?"

"माहीत नाही."

कानांकडे पाहिलं. खरंच माहीत नाही, म्हणून कान गप्प होते. मग उठून स्टुलावर चढले. मला वाटलं काटा सरकवतील. तर घड्याळच भिंतीवरून काढलं आणि काखेत घेतलं. म्हणाले, "दुरुस्तीला नेतो. पुढच्या रविवारी आणून देईन. मग बोलू."

भिंतीवर गोल पांढरा डाग राहिला आहे. दादा म्हणाले, आपण दारच उघडायचं नाही, कडी लावून बसू. रात्रभर मी विचार केला. मी म्हटलं, नाही, येऊ देत. दर रविवारी येऊ देत, बसू देत, हवं तेवढं विचारू देत. जोवर ते इथे चहा पितायत तोवर ते दुसऱ्या कुठल्या थांब्यावर उभे नाहीत.

पण पाण्याच्या चहावर माणूस किती वेळ बसणार? आज सकाळी दूधवाल्याला सांगून आले. रविवारपासून अर्धा लिटर जास्त.

वहिनी